आमदारसाहेबांची पत्रं आणि माझा साडभाऊ

माझ्या साडभावाचा मला हेवा वाटतो. एवढं एक वाक्य लिहायला मला एकतीस वर्षं लागली आणि लिहून झाल्यावरही काही हलकंबिलकं वाटलं नाही. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला पुण्याकडे नुसतं साडू म्हणून मोकळे होतात. आमच्या वऱ्हाडात त्याला साडभाऊ म्हणतात, म्हणजे नात्यातच भाऊ घुसवून ठेवलेला. भाऊ म्हटल्यावर तुलना आलीच, आणि तुलना आली की मी हरणार हे ठरलेलं.

आमची दोघांची लग्नं अंजनगाव सुर्जीला एकाच मांडवात लागली. मी मोठा जावई, अमरावतीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारा. तो धाकटा, अकोल्याला नुकतीच वकिली सुरू केलेला. सासुरवाडीला गेलो की माझ्यासाठी ओसरीत खुर्ची टाकली जाई, पंखा माझ्याकडे वळवला जाई आणि सगळे माझ्याशी जपून, अगदी पेपरात उत्तर लिहिल्यासारखं बोलत. तो मात्र सरळ आत जाऊन चुलीपुढे मांडी घालून बसे. सासूबाई निखाऱ्यात भाजलेले कणकेचे पानगे काढून, राख झटकून, गरमागरम त्याच्या ताटात टाकत. मेव्हणे, मेव्हण्या, शेजारपाजारचे सगळे त्याच्याभोवती. तो कोर्टातले किस्से वऱ्हाडीत सांगे आणि आतून हशा उसळे. मी ओसरीत बसून वर्तमानपत्राचं तेच पान पुन्हा वाचत असे. माझ्या ताटात पानगे यायचे ते निवलेले, पण चांदीच्या वाटीतल्या तुपासकट. मान मला होता, माणसं त्याच्याकडे होती.

बायको एकदा म्हणाली, "तुमी बी आत येऊन बसत जा नं. कोणी नाई म्हनलं का तुमाले?"

मी म्हणालो, "म्हनलं नव्हे, म्हटलं."

त्यानंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

आता यातली गंमत अशी, की जी बोली मी घरात दुरुस्त करत होतो तीच बाहेर गोळा करत होतो. परतवाड्याच्या बाजारात, मूर्तिजापूरच्या फलाटावर, एसटीच्या मागच्या सीटवर कानावर पडलेला प्रत्येक वऱ्हाडी शब्द मी घरी येऊन कार्डावर उतरवत असे. शब्द, अर्थ, कुठे ऐकला, कोणत्या कामातल्या माणसाच्या तोंडून ऐकला. बैलाच्या चालीचे शब्द, भांडणातले शब्द, लेकराला निजवतानाचे शब्द. बावीस वर्षांत बुटांची अकरा खोकी भरली. वऱ्हाडी बोलीचा कोश छापून यावा, ही माझी एकच मोठी इच्छा. दोन-तीन प्रकाशकांना भेटलो. त्यांनी चहा पाजला, कौतुक केलं आणि बोलीचा कोश घेणार कोण असं विचारलं. मला स्वतःला ती बोली बोलता येत नव्हती असं नाही. तोंडातून काढायची लाज वाटे. शिकून प्राध्यापक झालेल्या माणसाने 'मले-तुले' करायचं म्हणजे काय, असं मला वाटायचं. माझ्या साडभावाला कशाचीच लाज वाटत नसे, आणि लोकांना नेमकं तेच आवडे. पुढे मोबाईल आले. गणेशोत्सवात, गॅदरिंगमध्ये त्याने सांगितलेल्या किश्श्यांचे व्हिडिओ फिरायला लागले. माझ्याच विद्यार्थ्यांनी मला ते पाठवले. "सर, हे तुमचे नातेवाईक हायेत म्हणे? काय भारी बोलतात!" मी अंगठा दाखवणारं चित्र पाठवून द्यायचो.

पत्रांचं प्रकरण सुरू झालं ते माझ्या एका पेपरमुळे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी अमेरिकेचं शासन शिकवायचो. त्यात लूट पद्धत नावाचा एक भाग होता. निवडणूक जिंकली की सरकारी जागा आपल्या माणसांत वाटून टाकायच्या, खेड्यातल्या पोस्टमास्तरापर्यंत. परीक्षा घेऊन माणसं नेमायचा कायदा आला तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे हे पुष्कळच चालू होतं. त्या काळातल्या काही पुढाऱ्यांच्या पत्रव्यवहाराचे जाड खंड कोणीतरी आमच्या ग्रंथालयाला दिले होते. माझ्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नसे. त्यात एक सिनेटर वर लिहितो की अमुक गावी अमुक माणसाला पोस्टमास्तर नेमा, प्रचारात त्याने फार कष्ट उपसले. चार पानांनी तोच सिनेटर त्याच गावासाठी दुसऱ्याच माणसाचं नाव तितक्याच तळमळीने सुचवतो. मी वर्गाला विचारी, यातलं खरं पत्र कोणतं? वर्ग जांभया देई. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र कान टवकारून ऐके. परीक्षेत तो जेमतेम पास झाला. पुढे आमदार झाला.

निवडून आल्यावर दोन महिन्यांनी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. आता त्यांना साहेब म्हणायचं होतं, आणि मला ते पहिल्या दिवसापासून जमलं. "सर, माह्यं लेटरपॅड तुमी सांभाळा," ते म्हणाले. "आमच्या पोट्ट्यायचं मराठी पाहून मंत्रालयातले हासून राहिले."

त्या दिवसापासून चौदा वर्षं, कॉलेज सुटलं की कॅम्पातल्या त्यांच्या ऑफिसात जाऊन मी पत्रं लिहीत आलो. बदलीचं पत्र, दवाखान्यात खाट मिळावी म्हणून पत्र, शाळेतल्या प्रवेशाचं पत्र, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे कुठल्या तरी समितीवर, मंडळावर, महामंडळावर नेमणूक व्हावी म्हणून पत्र. साहेबांचा नियम होता, दारात आलेला माणूस पत्राशिवाय परत जाऊ नये. एका जागेसाठी सहा जण आले तर सहा पत्रं. सहाही जण लेटरपॅड छातीशी धरून, नमस्कार करत बाहेर पडत.

एकदा मी त्यांना म्हणालो, "साहेब, अशाने तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही. सहा पत्रांतलं खरं कोणतं, हे वरच्यांना कळणार कसं?" आणि मग मी माझी विद्वत्ता पाजळली. त्या खंडांवरून माझा असा तर्क होता की तिकडचे काही पुढारी खऱ्या शिफारशीवर गुपचूप काहीतरी खूण ठेवत असावेत. आपणही ठेवू. ऑफिसचा गोल शिक्का सहीवर उमटवला, तर शिफारस खरी. सहीपासून दोन बोटं लांब उमटवला, तर नुसतं त्या माणसाचं समाधान. मंत्र्यांच्या स्वीय सहायकांना हे एकदा सांगून ठेवलं की झालं.

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "वा, सर! हे तं मस्तच हाये. मी सांगून ठेवतो वरती."

तेव्हापासून शिक्का माझ्या टेबलाच्या खणात आला आणि खणाची किल्ली माझ्या खिशात. पत्रावर सही करताना साहेब पेनाने एकदा टिचकी मारत, ते खरं. दोनदा मारत, ते समाधानाचं, हे मी लवकरच ओळखलं. मी त्याप्रमाणे शिक्का मारी. खोटं कशाला सांगू, मला त्याची चटक लागली. समोर हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला वाटे की सगळं सहीत आहे, आणि सगळं माझ्या मनगटात आहे हे मला एकट्याला ठाऊक असे. पगार नव्हता, मी मागितलाही नव्हता. एवढ्या वर्षांत मी स्वतःसाठी साहेबांकडे एक गोष्टही मागितली नव्हती आणि याचा मला गर्वच होता.

मग एक दिवस ती समिती निघाली. बोलीभाषांसाठी एक राज्यस्तरीय समिती नेमायची, प्रत्येक महसूल विभागातून एक अशासकीय सदस्य घ्यायचा, आणि बोलींचे कोश-संग्रह सरकारने कोणते छापायचे ते त्या समितीने ठरवायचं. साहेबांच्या ऑफिसात आलेल्या पत्रांत ते परिपत्रक माझ्याच हातात पडलं. मी ते तीनदा वाचलं. घरी येऊन खोक्यांवरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणालो, "आजवर काही मागितलं नाही."

त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "करा नं पत्र, सर. तुमच्यावून लायक कोण हाये?"

माझं पत्र लिहायला मला चार दिवस लागले. दुसऱ्याचं पत्र मी दहा मिनिटांत पाडायचो. स्वतःविषयी 'व्यासंगी' लिहावं की 'अभ्यासू', यावर एक संध्याकाळ गेली. साहेबांनी सही केली. टिचकी मारली की नाही, ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी आनंदात होतो. मी शिक्का सहीवर मारला, अगदी मधोमध, सहीतली अक्षरं झाकून जातील असा.

त्याच आठवड्यात अकोल्याला साडभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. जेवणं झाल्यावर दिवाणखान्यात सगळे बसलेले असताना मी सहज सांगितल्यासारखं सांगून टाकलं. समिती, परिपत्रक, एकच जागा, साहेबांचा शब्द, अकरा खोकी. पहिल्यांदाच माझ्या बोलण्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. साडभाऊ तर उठून माझ्याजवळ येऊन बसला. "लय भारी काम, सर," तो म्हणाला. "हे तं कवाच व्हाले पायजे होतं." तोही मला सरच म्हणतो. मला त्या रात्री त्याच्याविषयी प्रेमसुद्धा वाटलं.

दहा दिवसांनी तो अमरावतीला साहेबांच्या ऑफिसात हजर. मला वाटलं, कुठल्या पक्षकाराचं काम असेल. माझ्याकडे बघून मान हलवली आणि आत गेला. अर्धा तास आत होता. आतून साहेबांचं हसणं ऐकू येत होतं. माझ्याबरोबर चौदा वर्षांत साहेब असे कधी हसले नव्हते. मग घंटी वाजली. मी आत गेलो. साडभाऊ खाली मान घालून बसला होता.

"सर," साहेब म्हणाले, "वकीलबुवाचं पत्र करा. त्या बोलीच्या समितीसाठी. जरा चांगलं करजा." आणि टेबलावर पेनाची एक टिचकी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी "हो" म्हणालो आणि बाहेर आलो. माझ्या तोंडून समितीचं ऐकलं, माझ्याच साहेबांकडे आला आणि माझ्याच हाताने पत्र लिहून घ्यायला निघाला! चुलीपुढची जागा त्याची, सासूबाई त्याच्या, मेव्हण्या त्याच्या, माझे विद्यार्थीसुद्धा त्याचे. आता बावीस वर्षांच्या कार्डांवरही तो येऊन मांडी घालणार. ज्याने आयुष्यात एक शब्द कागदावर नोंदला नाही, तो बोलीच्या समितीवर! कारण काय, तर तो बोलतो छान.

तो माझ्यामागून बाहेर आला. "सर, तुमच्याशी बोलाचं होतं जरा."

"पत्राचं काम आहे."

"नाई, पण आयका तं..."

"नंतर, वकीलबुवा."

तो बाकड्यावर बसला. दोघं-तिघं अर्जवाले तिथे बसले होते. एरवी त्याने पाच मिनिटांत त्यांना हसवून सोडलं असतं. त्या दिवशी तो नुसता चष्मा पुसत होता. चोराच्या मनात चांदणं, हे मी मनात म्हटलं आणि मला बरं वाटलं.

पत्र मात्र मी उत्तम लिहिलं. वाईट मराठी लिहिणं मला हेव्यानेसुद्धा जमलं नाही. 'वऱ्हाडी बोली त्यांच्या मुखातून ऐकताना ती ग्रंथांत नसून माणसांत आहे, याची प्रचिती येते' असं एक वाक्य मी लिहिलं, आणि ते खरं आहे हे लिहितानाच कळून मला आणखी राग आला. साहेबांनी सही केली. मी टेबलाशी आलो, खण उघडला, आणि शिक्का सहीपासून दोन बोटं लांब मारला. दोन कसली, तीन असतील. पाकीट साडभावाच्या हातात दिलं. त्याने ते घेताना माझा हात धरला, काही बोलणार होता, पण फोन आला असं दाखवून मी आतल्या खोलीत गेलो.

पुढचे तीन महिने माझी झोप छान लागत होती, हेही सांगायला हवं. मनाला टोचणी वगैरे काही लागली नाही. टोचणी यादी आल्यावर लागली.

यादी आली ती घरच्या ग्रुपवर. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "आयकलं का? भाऊजी समितीवर लागले! अमरावती विभागातून त्यायचंच नाव हाये!" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने आवाज खाली आणला. "तुमचं बी होतं नं त्याच्यात?" मी म्हणालो, "होतं." तिने फोन ओट्यावर ठेवला आणि मला चहा करून दिला. ग्रुपवर अभिनंदनाची रीघ लागली होती. सगळ्यांत शेवटी मीही दोन ओळींचं अभिनंदन टाकलं. त्यावर त्याचं उत्तर आलं, नुसते जोडलेले हात. मला त्या हातांचासुद्धा संताप आला.

मला एकच कोडं पडलं होतं. सहीवर शिक्का असलेलं पत्र मागे राहिलं आणि सहीशेजारी शिक्का असलेलं पुढे गेलं कसं? दुसऱ्या दिवशी साहेबांना एकटं गाठलं. माझी करणी सांगण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं. एवढंच विचारलं, "साहेब, माझ्या पत्रावर तर सहीवर शिक्का होता."

साहेबांनी डोकं खाजवलं. वर्गात उत्तर न आल्यावर खाजवायचे तसंच. "सर, राग नका मानू. त्या शिक्क्याले तथी कोणीच पायत नाई."

"म्हणजे? तुम्ही सांगून ठेवलं होतं ना?"

"कोनाले सांगू? तिकडले पीए दर सा मयन्यानं बदलतात. ज्याचं काम कराचं त्याच्यासाठी मी फोन करतो. ज्याच्यासाठी फोन नाई, त्याचं पत्र तसंच पडून रायते." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुमी एवढ्या हौसेनं सांगतलं होतं, सर. नाई म्हनाचं जीवावर आलं."

आणि ती टिचकी? टिचकी मारायची त्यांची सवय होती. कधी एक, कधी दोन. इतकी वर्षं मी त्या टिचक्या मोजून माणसांची नशिबं ठरवत आलो होतो, आणि ती सगळी माझ्या टेबलापुरतीच ठरत होती. मनात आलं ते असं, की माझा दुष्टपणासुद्धा बिनकामाचा निघाला. साडभावाविरुद्ध आयुष्यात एकदा उचललेला हात, तोही हवेतच फिरला.

"मग माझ्यासाठी फोन केला नाही?" मी विचारलं.

"केला नं," साहेब म्हणाले. "सांगतलं का सरायचं नाव घेऊ नका."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "सर, तुमी तथी गेले तं तुमाले मुंबईच्या बैठका, दौरे. मंग इथी पत्रं कोन लिहीन? तुमच्याबिगर माह्या ऑफिसचं पान हालत नाई. मी तं वकीलबुवाले बी हेच सांगतलं."

"त्यांना कशाला?"

"त्यो तुमच्यासाठीच आला होता. तुमाले मालूम नाई?" साहेबांना खरंच आश्चर्य वाटलं. "अर्धा घंटा माह्या डोक्शावर बसला. म्हने, सरायले घ्या, अकरा खोके भरून शब्द हायेत त्यायच्यापाशी, नाई घेतलं तं वाया जातीन. मी म्हटलं, सर मले इथीच पायजे, दुसरं कोनाचंही नाव सांग. मंग मीच म्हटलं, तूच हो बाप्पा, तुह्यं बोलनं तं सारे आयकतात. तयार नव्हता. म्हटलं, तू नाई झाला तं मी कोन्याबी कार्यकर्त्याले देतो. तवा हो म्हटलं त्यानं."

साहेबांसमोर मी हसलो, ठीक आहे म्हणालो आणि उठलो. त्या दिवशी आलेली सात पत्रंही लिहिली. शिक्का नेहमीसारखा मारला, कुठे मारतोय ते न बघता. घरी चालत आलो. कोणाला वाटेल, हे कळल्यावर माझा हेवा विरघळला असेल. तो उलट वाढला. आतापर्यंत त्याच्याकडे माणसं होती, हशा होता, बोली होती. माझ्याकडे निदान एवढं समाधान होतं की माणूस म्हणून मी त्याच्यापेक्षा वरचढ आहे, कारण मी कोणाचं हिसकावत नाही. आता चांगुलपणाही त्यानेच पटकावला. आणि माझ्या हातात राहिलं ते सहीपासून तीन बोटं लांब मारलेल्या शिक्क्याचं गुपित.

समितीची पहिली बैठक झाल्यावर त्याचा फोन आला. "सर, खोके घेऊन अकोल्याले या."

अकरा खोकी घेऊन गाडीत चढणं शक्य नव्हतं. 'प'चं खोकं घेतलं, त्यातले शब्द मला सगळ्यांत आवडतात. बडनेऱ्याहून दुपारची गाडी धरली. अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. तो स्टेशनवर स्कूटर घेऊन उभा होता, डोक्याला ओला रुमाल बांधून, आणि मागच्या सीटवर ठेवायला उशी आणली होती. "सीट तापते, सर." ते खोकं मी मांडीवर घेऊन बसलो. वाटेत दोनदा सांगायचं ठरवलं की तुमच्या पत्रावर मी असं असं केलं. दोन्ही वेळा सिग्नल सुटला. आता हे लिहितोय ते छापून आल्यावर त्याला कळेल.

घरी कूलरसमोर बसून त्याने खोकं उघडलं आणि कार्डं वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द मोठ्याने म्हणे आणि आत हाक मारी, "आयक वं, हा शब्द तुही आजी म्हने!" माझी मेव्हणी हात पुसत बाहेर आली, तिची मुलगी आली, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आले. बावीस वर्षं खोक्यात निजलेले शब्द त्याच्या तोंडून तासभर घरभर हिंडत होते आणि सगळे हसत होते, मधूनच कोणाचे डोळे भरत होते. माझीच कार्डं. मी बाजूच्या खुर्चीवर बसून पाहत होतो.

मग तो कामावर आला. "बैठकीत म्या तुमच्या कोशाचं काढलं. सारे हो म्हनले. पण त्यायले एका सदस्याचं शिफारसपत्र पायजे, त्याच्यावर छापाचं ठरते." त्याने कोरं लेटरपॅड माझ्यापुढे सरकवलं. वर त्याचं नाव, खाली 'सदस्य'. "मले असं लिवता येत नाई, सर. तुमी लिवा, मी सही करतो."

चौदा वर्षांत मी किती माणसांची शिफारस केली त्याची गणती नाही. त्या दुपारी मी माझ्या साडभावाच्या टेबलाशी बसून, त्याच्या लेटरपॅडवर, त्याच्या तोंडून माझी शिफारस लिहायला घेतली. 'व्यासंगी' लिहिलं, खोडलं. 'परिश्रमपूर्वक संकलन' लिहिलं. 'सदर कोश प्रकाशित होणे बोलीच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.' सात ओळी झाल्या. एकही खोटी नव्हती, पण सगळ्या मेलेल्या होत्या.

त्याने वाचलं. "एवढं कोरडं काहून लिवलं?"

"सरकारी पत्र असंच असतं."

त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि सहीच्या वर, त्याच्या त्या कोर्टाच्या घाईच्या अक्षरात, एक ओळ लिहिली. 'सरायनं जल्मभर वऱ्हाडी तोंडातून काढली नाई, पण तिचा एक शब्द बी मरू देल्ला नाई.' मग सही केली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"हे चालणार नाही," मी म्हणालो. "बोलीतलं वाक्य आहे. शिवाय पहिलं अर्धं तर माझ्याविरुद्ध आहे."

"मंग खोडा तुमी," तो म्हणाला आणि पेन माझ्यापुढे ठेवून पाणी आणायला आत गेला.

पेन माझ्या हातात होतं. खोलीत कोणी नव्हतं. ती ओळ मी पुन्हा वाचली, ओठ हलवत, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडून वऱ्हाडी मोठ्याने बाहेर पडली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लगेच पुसलं. मी ओळ खोडली नाही. पत्राची घडी घातली आणि पाकिटात ठेवली. तो पाण्याचा तांब्या घेऊन आला तेव्हा त्याचे आभार मानायला हवे होते. पण मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बावीस वर्षं शब्द मी वेचले आणि हे वाक्य याला सुचलं.